पुढचं चाक

"वस्ताद, पुढचं चाक कुठलं लावू?"

की त्यानं "पुढचं चाक हेच लावू ना?" असं विचारलं होतं?

मला आता खात्रीनं सांगता येत नाही. आणि दोन्ही प्रश्नांत फरक आहे. पहिल्यात उत्तर मागितलेलं असतं, दुसऱ्यात फक्त मान हलवणारा माणूस. भरतेशला त्या संध्याकाळी यातलं काय हवं होतं, ते त्या एका वाक्यावरून कळलं असतं, आणि नेमकं तेच वाक्य माझ्याकडून निसटलं आहे. बाकीचं बरंचसं आठवतं. निदान आठवतं असं वाटतं.

आम्ही पवनचक्क्यांच्या पठारावर होतो. इस्माईल वस्ताद तिथे दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत. एके काळी सायकलच्या शर्यतींत त्यांचं नाव मोठं होतं. पुढे मिरजेला त्यांनी सायकलस्वारांची तालीम काढली, आणि कुस्तीच्या आखाड्यातला शब्द उचलून सगळे त्यांना वस्ताद म्हणू लागले. पोरं अजूनही शर्यतीआधी वर येऊन त्यांना भेटून जात. एरवी चक्क्यांच्या पात्यांचा आवाज, आणि ते.

भरतेश चौगुले हा त्यांचा सगळ्यांत वेगवान शिष्य. वर्षापूर्वी तालीम सोडून गेलेला. मी वायुगतिकी शिकवून निवृत्त झालेला प्राध्यापक. त्याची नवी चाकं मी आमच्या कॉलेजच्या वातबोगद्यात तपासून दिली होती, म्हणून त्यानं मला बरोबर आणलं होतं. म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. कदाचित एकट्यानं यायचं त्याच्या जिवावर आलं असेल.

दुसऱ्या दिवशी पठारावरच घड्याळाविरुद्धची शर्यत होती. प्रत्येकानं एकट्यानं सुटायचं, ठरलेल्या ठिकाणी वळून परत यायचं, आणि ज्याचा वेळ कमी तो पहिला. राष्ट्रीय संघात एक जागा होती. भरतेशचं वय असं होतं की ती आता हुकली, तर पुढच्या वर्षी त्याला कुणी बोलावलं नसतं.

वस्ताद अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी भरतेशच्या खांद्यावरच्या दोन गोल पिशव्यांकडे पाहिलं.

"चाकं हायत का नवरी, भरत्या? एवढी गुंडाळून आणलीस."

भरतेश हसला नाही. त्यानं दोन्ही चाकं काढून बाजेवर ठेवली, आणि तो प्रश्न विचारला.

मागच्या चाकाचा प्रश्न नव्हता. ते आरे नसलेलं, सपाट, ज्याला पोरं थाळी म्हणतात ते ठरलेलंच होतं. पुढे थाळी लावता येत नाही. वाऱ्यात सायकल वळवताच येणार नाही. पुढच्यासाठी दोन चाकं होती. एकाची रिम पंजाएवढी रुंद, आरे आखूड; त्याला खोल चाक म्हणत. दुसऱ्याची रिम त्याच्या निम्मी. ते उथळ.

"प्रोफेसर काय म्हणतात?" वस्तादांनी विचारलं.

मी म्हणालो, "वारा नसेल किंवा थोडा तिरपा असेल तर खोल चाक सरस. कधी कधी तर ते शिडासारखं पुढे ओढतं. पण बाजूनं जोराचा झोत आला, की हँडल हातातून काढून घेतं. उथळ चाक जरा हळू, पण ऐकतं."

"बरोबर आहे."

मला बरं वाटलं. त्या वयातही मला कुणी बरोबर म्हटलेलं आवडायचं.

"मग खोल लावू?" भरतेश म्हणाला.

"लाव."

"आणि खिंडीत वारा आला तर?"

"उथळ लाव."

"वस्ताद, चेष्टा नको. जागा एकच आहे."

"चेष्टा कोण करतंय? तू विचारलंस, मी सांगितलं."

खिंड म्हणजे शर्यतीच्या वाटेवर दोन टेकड्यांमधून जाणारा रस्त्याचा तुकडा. तिथे वारा भरला की बाजूनं मारतो. जाताना ती एकदा लागते, येताना पुन्हा.

"कितवा सुटतोस?" वस्तादांनी विचारलं.

"शेवटी. गेल्या वर्षीचा पहिला यंदा शेवटी सुटतो." हे सांगताना त्याची पाठ जरा ताठ झाली.

"आपल्यातलं कोण कोण आहे?"

"तुमची तिघं आहेत. सगळी आधी सुटणार."

वस्ताद थोडा वेळ चाकाच्या आऱ्यांवरून बोट फिरवत राहिले.

"मग त्या तिघांतलं तुला वारा कोण सांगणार?"

भरतेशनं रिकाम्या पिशवीची दोरी बोटाला गुंडाळली.

मला हा प्रश्न तेव्हा कळला नव्हता. थोड्या वेळानं वस्तादांनीच समजावून सांगितला. त्या तालमीची एक रीत होती. आधी सुटलेला स्वार शर्यत संपवून आला, की घोटभर पाणी पिण्याआधी, जे अजून सुटायचे आहेत त्यांच्याकडे जायचं आणि वारा सांगायचा. पुलावर कसा, वळणावर कसा, खिंडीत कसा. ज्याला सांगायचं तो आपल्याच जागेवर टपलेला असला तरी सांगायचं, आणि खरा सांगायचा. चाक बदलायला वेळ लागत नाही. शेवटी सुटणारा त्यावरून आपलं चाक निवडायचा.

गेल्या वर्षी शेवटी सुटणारा होता दस्तगीर, वस्तादांचा मुलगा. भरतेश आधी जाऊन आला आणि त्यानं दस्तगीरला सांगितलं, खिंडीत वारा नाही. दस्तगीरनं खोल चाक लावलं. खिंडीत झोत आला आणि त्यानं दस्तगीरला रस्त्याकडेच्या दगडांवर फेकलं. चाकाचे तुकडे झाले. खांदा पुन्हा नीट जुळला नाही. शर्यत भरतेशनं जिंकली.

तू खोटं बोललास, असं त्याच्या तोंडावर कुणी म्हणालं नाही. फक्त त्याच्याशी बोलणं कमी झालं. मग त्यानंच तालीम सोडली. दस्तगीरनं खिंडीच्या अलीकडे फाट्यावर चहाचं दुकान टाकलं, आणि त्यानंतर काही महिन्यांनी वस्ताद मिरज सोडून पठारावर राहायला आले. बाप वर, मुलगा फाट्यावर. दोघं एकमेकांकडे जात नाहीत, एवढं भरतेशनं येताना गाडीत सांगितलं होतं. का जात नाहीत, ते सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"कोणी नाही," भरतेश शेवटी म्हणाला. "म्हणून तर तुमच्याकडे आलो."

"मी कसा सांगू? मी इथं बाजेवर." वस्तादांनी खोल चाक उचलून त्याच्या हातात दिलं. "हे लाव. खिंडीतून जाऊन ये."

"आत्ता?"

"आत्ता. आणि मला वारा सांग."

भरतेशनं माझ्याकडे पाहिलं. मी चाकाकडे पाहिलं. त्यानं गाडीवरून सायकल उतरवली, चाक बसवलं आणि निघून गेला. थाळीचा घुमणारा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. मग पात्यांचा आवाज तेवढा उरला.

आम्ही दोघं बसून राहिलो.

"प्रोफेसर, तुमच्या त्या बोगद्यात वारा कुठनं येतो?"

"मोठा पंखा असतो."

"म्हणजे कधी येणार, ते आधी कळतं."

"हो. बटण आमच्याच हातात."

"बरंय तुमचं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुम्हाला इथे एकटं वाटत नाही का?"

त्यांनी टेकडीवर रांगेनं उभ्या चक्क्यांकडे हनुवटी केली. "एवढे जण हात हलवतात की दिवसभर."

मी हसलो.

"येत कुणी नाही," ते म्हणाले.

सूर्य टेकडीला टेकला तेव्हा भरतेश परत आला. सायकलवरून उतरला, पण जवळ आला नाही. वर पाती जोरात फिरत होती. त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग वस्तादांकडे.

"पुलावर?" वस्तादांनी विचारलं.

"थोडा. समोरून."

"वळणावर?"

"डावीकडून. पण पडत आलेला."

"खिंडीत?"

...

"खिंडीत?"

"वारा नाही, वस्ताद."

मी नकळत पात्यांकडे पाहिलं. भरतेशनं ते पाहिलं.

"दिसतंय मला वर काय चाललंय ते!" तो एकदम ओरडला. ओरडणं माझ्यावर होतं, पण तोंड वस्तादांकडे होतं. "वर आहे. खाली नाही. जाऊन आलो, वळून आलो. आहे म्हणून सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, ते कळतंय मला. पण नाही तर नाही. मी काय करू?"

वस्तादांनी वर पाहिलंच नाही.

"फाट्यावर थांबलास?"

"नाही."

"दुकान उघडं होतं?"

"होतं... मी मान खाली घालून गेलो."

"शर्यतीत ते चांगलं असतं," वस्ताद म्हणाले, आणि उठून आत गेले.

आतून काहीतरी खरडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक सायकल होती. निळी, शर्यतीची, धुळीनं करडी झालेली. तिला पुढचं चाकच नव्हतं. भरतेशनं ती ओळखली, हे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं. दस्तगीरची सायकल.

"तुझं चाक काढ," वस्ताद म्हणाले.

"कुठलं?"

"आत्ता जाऊन आलेलं. खोल. हिला बसव."

"वस्ताद, तुम्ही... या वयात, खोल चाकावर..."

"वारा नाही म्हणालास की."

भरतेशनं आपल्या सायकलचं चाक काढलं. चाक बसवायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला असावा. मी घड्याळ पाहिलं नाही. मागच्या चाकात हवा नव्हती, ती त्यानं भरली. वस्तादांनी पायजम्याच्या उजव्या पायाला घोट्याशी सुतळी बांधली, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले आणि सायकलवर टांग टाकली. पहिली काही पायडलं मारताना त्यांना तोल सावरत नव्हता. मग पाठ आडवी झाली, कोपरं आत गेली, आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस उतारावरून असा गेला की मला बाजेची कड धरावीशी वाटली.

अंगणात भरतेशची सायकल उभी होती. आता तिला पुढचं चाक नव्हतं.

त्या वेळात भरतेश माझ्याशी एकच वाक्य बोलला.

"सर, मी खरं सांगितलं होतं." थोडं थांबून म्हणाला, "असं मला वाटतं."

मला त्याला म्हणायचं होतं, की हवा कशी वागते यावर मी उभा जन्म घालवला आहे; डोंगरावर एक आणि खिंडीत दुसरा वारा असू शकतो, आणि आत्ता नसलेला वारा तासाभरात येऊ शकतो. पण असू शकतो म्हणजे होता असं नाही. एवढ्या तोकड्या उत्तरावर माणसाला उभं कसं करायचं?

सूर्य गेला. उजेड होता अजून.

वस्ताद परत आले ते सायकल हातात धरून, चढ पायी चढत. दम लागला होता. भरतेश पुढे झाला नाही. जागीच उभा राहिला.

वस्तादांनी सायकल भिंतीला टेकवली. पायाची सुतळी सोडली, गुंडाळली, खिशात ठेवली.

"वस्ताद... होता का वारा?"

"तुझ्या वेळी नव्हता."

भरतेश खाली बसला. तिथेच, मातीत. त्यानं दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले. वस्ताद कुठल्या वेळेबद्दल बोलले, ते त्यानं विचारलं नाही, आणि मी विचारणारा कोण?

बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं. "मग उद्या कुठलं लावू?"

"दोन्ही घेऊन ये," वस्ताद म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सुटण्याच्या रेषेपाशी भरतेश इतरांपासून वेगळा उभा होता, जवळ फक्त मी. सायकल उलटी ठेवलेली, दोन्ही चाकं दोन बाजूंना गवतात. स्वार सुटत होते, परत येत होते. त्याच्याकडे कुणी येत नव्हतं. वस्ताद मांडवाच्या टोकाला खुर्चीवर बसले होते, आमच्याकडे पाठ करून.

तोवर सगळ्यांत कमी वेळ लागला होता सुहास वडगावेला. तो तालमीतल्या त्या तिघांपैकी एक. जागा त्याच्या हातात आल्यासारखी होती, आणि ती काढून घेऊ शकणारा माणूस एकच होता. सुहास घामानं निथळत आमच्या दिशेनं आला. पाण्याची बाटली त्याच्या हातात होती, बूच लावलेलीच.

"दादा, पुलावर समोरनं. वळणावर काही नाही. खिंडीत डावीकडनं मारतंय, हँडल काढून घेतंय. उथळ लावा."

एवढं बोलून तो गेला. मग तो पाणी प्यायला.

भरतेशनं माझ्याकडे पाहिलं. रेषेपाशी पानसुद्धा हलत नव्हतं. खोल चाकानं सुहासचा वेळ मोडता येईल, हे माझ्या आकड्यांवरून स्पष्ट होतं. उथळ चाकानं कठीण होतं. आणि उथळ लाव असं सांगणारा होता सुहास. हे सगळं भरतेशला माझ्याइतकंच कळत होतं. माझ्याकडे आकडे होते. वारा नव्हता.

त्याचं नाव पुकारलं गेलं.

त्यानं उथळ चाक उचललं.

तो दुसरा आला. फरक अगदी थोडा होता. जागा सुहासला मिळाली.

शर्यत संपवून तो थांबला, सायकल टाकली, आणि सवयीनं वळला. पाणी न पिता, रेषेकडे. पण तो शेवटचा होता. त्याच्यानंतर सुटायचं कुणी उरलंच नव्हतं. मांडवाच्या दोऱ्या सोडायला सुरुवात झाली होती. तो तिथे थोडा वेळ तसाच उभा राहिला, तोंडाशी आलेलं घेऊन. मग माझ्यापाशी आला. मला सायकल चालवता येत नाही, हे त्याला माहीत होतं.

"सर," तो धापा टाकत म्हणाला, "पुलावर समोरून... वळणावर नाही... खिंडीत होता."

मी मान हलवली. रीतीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं.

वस्ताद जाऊन आता बरीच वर्षं झाली. भरतेश तालमीत शिकवतो, असं ऐकतो. माझ्या मनात मात्र एक शंका राहून गेली होती. ते त्या संध्याकाळी फार लवकर परत आले होते. त्या वयाच्या माणसानं, धुळीत वर्षभर पडलेल्या सायकलवर, खिंडीतून जाऊन एवढ्यात परत येणं... मी मनात कितीदा हिशेब मांडला, आणि दर वेळी मला वाटलं, माझीच आठवण चुकते आहे. सूर्य तेव्हा बुडाला नसेल, किंवा आधीच बुडाला असेल.

शेवटी मागच्या हिवाळ्यात मी फाट्यावर गेलो. दुकान आहे. दस्तगीर आता पन्नाशीला आला आहे. चहाचं पातेलं डाव्या हातानंच उतरवतो. मी ओळख सांगितली आणि विचारलं.

"खिंडीत?" तो म्हणाला. "अब्बा खिंडीत गेलेच नाहीत, सर. इथंच आले होते."

त्यानं माझ्यासमोर कप ठेवला.

"मला वाटायचं, मी पडलो म्हणून ते रागावलेत. त्यांना वाटायचं, मी रागावलोय. खिंडीत त्या दिवशी काय झालं, ते आख्ख्या वर्षात मला कुणी विचारलंच नव्हतं. जाताना वारा नव्हता, सर. येताना आला. एवढंच तर होतं सगळं."

"मग त्या संध्याकाळी ते काय म्हणाले?"

दस्तगीर रस्त्याकडे बघत होता, चढाच्या बाजूला.

"माझी सायकल ओळखली मी लांबूनच. तिला चाक कुठनं आलं, तेच कळेना. उतरले. या बाकावर बसले, तुम्ही बसलाय तिथंच. दम खाल्ला. चहा दिला, तो घेतला नाही. पाणी दिलं, तेही बाजूला ठेवलं. मग म्हणाले, 'दस्तू, वारा सांग.'"